तिथीवर ठरणारा प्रवास : जुन्नर-आंबेगावचे गाडामालक आणि घाटांचे वर्ष

खेळासाठी वारंवार प्रवास करणे आणि त्या प्रवासाच्या सोयीने घर, पैसा, नाती व वर्षाचे वेळापत्रक बेतणे ही जीवनपद्धती आज मुख्यतः गोल्फच्या संदर्भात ओळखली जाते. गोल्फ हा खेळ असा आहे, की त्यात मैदानाचे माप ठरलेले नसते. १८ होल, म्हणजे चेंडू ज्या खळग्यांत घालायचा ते १८ टप्पे, एवढी संख्या प्रमाण मानली जाते आणि जमिनीचा चढउतार, वारा, वाळू, गवत व पाणी हे सारे ज्या त्या मैदानाचे स्वतःचे असते. म्हणूनच एका मैदानावर आयुष्यभर खेळलेल्या माणसालाही दुसरे मैदान खुणावत राहते, आणि उत्तर युरोपातला गोल्फर हिवाळ्यात पोर्तुगालच्या आल्गार्व्ह किनाऱ्यावर, तर भारतातला गोल्फर थायलंड, व्हिएतनाम किंवा दुबईला काठ्यांची पिशवी घेऊन निघतो. अशा प्रवाशांचे वर्ष ऋतूंवर, विमानांच्या भाड्यावर आणि ‘टी टाइम’ म्हणजे खेळ सुरू करण्याची राखून ठेवलेली वेळ मिळण्यावर चालते.

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत खेळासाठी असा प्रवास पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. येथे विमानाऐवजी टेम्पो आहे, काठ्यांच्या पिशवीऐवजी चार बैल आहेत आणि मैदानाच्या जागी घाट आहे. बैलगाडा शर्यतीचा हा प्रवास जिल्ह्याबाहेर फारसा जात नाही. मात्र खेळाभोवती आयुष्य कसे बांधले जाते आणि ते कशाच्या आधारावर टिकते, हे समजून घेण्यासाठी या दोन तालुक्यांइतके स्वच्छ उदाहरण महाराष्ट्रात दुसरे सापडणे अवघड आहे.

‘घाट’ हा शब्द येथे डोंगरातल्या रस्त्यासाठी नव्हे, तर शर्यतीच्या धावपट्टीसाठी वापरला जातो. गावाच्या कडेला, बहुधा ग्रामदैवताच्या मंदिराजवळ, खालून वर चढत जाणारी मातीची लांब पट्टी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंनी प्रेक्षकांना बसण्या-उभे राहण्यासाठी उंचवटे असतात. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत अनेक गाड्या एकाच वेळी शेजारच्या फाट्यांतून, म्हणजे समांतर पट्ट्यांतून, सुटतात आणि जो पुढे तो जिंकतो. उत्तर पुण्याच्या घाटात मात्र एका वेळी एकच गाडा धावतो आणि त्याची झुंज घड्याळाशी असते. एका गाड्याच्या एका धावेला ‘बारी’ म्हणतात. गाड्याला लागून जुंपलेली जोडी ‘धुरेची’ आणि तिच्या पुढची जोडी ‘जुकाटाची’ समजली जाते, आणि या चार बैलांच्याही पुढे स्वारासह घोडी धावते, जिच्या पावलावर बैलांनी वेग धरायचा असतो. गाडा सुटला की ‘भिर्रर्र’ अशी आरोळी घाटभर उठते, हलगी कडाडते, भंडारा उधळला जातो आणि दहा-पंधरा सेकंदांत सारे संपते. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत नोंद होते, ठरावीक वेळेच्या आत आलेले गाडे पहिल्या क्रमांकात, त्यानंतरचे दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकात गणले जातात, आणि दिवसातला सर्वांत वेगवान गाडा ‘घाटाचा राजा’ ठरतो.

या वर्णनात प्रवासाचे कारणही दडलेले आहे. कोणतेही दोन घाट सारखे नसतात: एकाचा चढ सुरुवातीलाच अंगावर येतो, दुसऱ्याचा शेवटी, एकाची माती मुरमाड, दुसऱ्याची भुसभुशीत, एकाची लांबी कमी, दुसऱ्याची जास्त. एका गावात राजा ठरलेली बारी दुसऱ्या गावात दुसऱ्या क्रमांकात अडकते, आणि म्हणून ज्याला आपल्या बैलांची खरी ताकद जोखायची आहे त्याला आपल्याच गावच्या घाटावर समाधान मानून चालत नाही. गोल्फरला परक्या मैदानावर नेणारी ओढ आणि गाडामालकाला परक्या घाटावर नेणारी ओढ या एकाच जातीच्या आहेत.

गाडामालकाच्या वर्षाची आखणी मात्र पंचांग करते. हिवाळ्यात पौष पौर्णिमेला आंबेगाव तालुक्यातल्या नागापूरजवळच्या थापलिंग गडावर खंडोबाची यात्रा भरते. तिच्यापुढे माघात निरनिराळ्या गावांच्या खंडोबाच्या यात्रा येतात आणि गुढीपाडव्यानंतर चैत्र-वैशाखात भैरवनाथ, मुक्ताबाई, काळोबा अशा ग्रामदैवतांच्या यात्रांची रांगच लागते. प्रत्येक गावाची तिथी ठरलेली असते आणि ती सहसा बदलत नाही, त्यामुळे कोणत्या दिवशी कोणत्या घाटावर जायचे हे ज्याला त्याला तोंडपाठ असते. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, मावळ आणि पलीकडे पारनेर-संगमनेरपर्यंतच्या गावांचे असे एक चक्र तयार होते. तमाशाचा फडही याच चक्रावर फिरतो. नारायणगाव हे तमाशाचे मोठे केंद्र मानले जाते, पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी, म्हणजे खेळाचा ठराव, देण्यासाठी तेथे येतात. सकाळी देवाची पालखी, मग घाट, संध्याकाळी कुस्त्यांचा हगामा आणि रात्री तमाशा अशी यात्रेची जुनी मांडणी असल्यामुळे गाडामालक, पैलवान आणि कलावंत हे तिघेही एकाच तिथीमागे निघालेले वाटसरू असतात.

घाटावर दिसणारी बारी काही सेकंदांची असली तरी तिच्यामागे बारा महिन्यांचे घर असते, आणि गोल्फच्या प्रवासापेक्षा हा प्रवास येथेच वेगळा व अधिक जबाबदारीचा होतो. गोल्फच्या पिशवीत नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १४ काठ्या असतात आणि परतल्यावर त्या कोपऱ्यात ठेवता येतात. बैलाला पहाटे उठून वैरण टाकावी लागते. शर्यतीचा बैल बहुधा खिल्लार जातीचा असतो. खिल्लार ही सोलापूर, सांगली, सातारा भागातली पांढरट रंगाची, लांब मागे वळलेल्या शिंगांची आणि चपळ पायांची जात असून सांगोल्याच्या बाजारातून किंवा आटपाडी तालुक्यातल्या खरसुंडीच्या यात्रेतून तिची खोंडे उत्तरेकडे येतात, आणि जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारालाही बैलांच्या खरेदी-विक्रीचा मोठा लौकिक आहे. वय दातांवरून मोजतात: कायमचे दात न आलेला तो ‘आदत’, दोन आलेला ‘दुसा’, चार आलेला ‘चौसा’. जाणकार मालक खोंडाची छाती, खूर, शेपटीची ठेवण आणि डोळ्यांतली चमक पाहतो, पण सर्वांत आधी तो त्याला चालवून पाहतो, कारण उभा बैल देखणा वाटतो आणि पाऊल टाकताच त्याचे गुणदोष उघडे पडतात.

यात्रेच्या आदल्या संध्याकाळचा गोठा जवळून पाहिला तर या जीवनपद्धतीचा गाभा दिसतो. कडबा बारीक कापलेला असतो. भिजवलेली सरकी पेंड, कणकेचे वा बाजरीच्या पिठाचे गोळे, उडदाची डाळ, कुठे दूध-अंडी असा खुराक हाताने भरवला जातो, कारण हंगामात बैलाने किती खाल्ले यापेक्षा कसे खाल्ले याकडे मालकाचे लक्ष असते. रवंथ संथपणे चालला आहे की नाही, शेण घट्ट आहे की पातळ, खुराच्या बेचक्यात खडा रुतला आहे का, हे कंदिलाच्या जागी आलेल्या मोबाइलच्या उजेडात तपासले जाते. गळ्यातली घुंगरमाळ, नवी वेसण, रंगीत कासरे आणि पाठीवरची झूल वेगळी बांधून ठेवतात. पहाटे टेम्पोच्या हौद्यात भुश्याचा किंवा वाळूचा जाड थर देऊन बैल आडवे न पडतील अशा बेताने बांधले जातात आणि एक जण त्यांच्यासोबत मागेच उभा राहतो. वळणावर बैलाच्या मानेवर टेकलेला त्याचा हात हा त्या प्रवासातला खरा लगाम असतो. घाटावर पोचल्यानंतर बैलांना आधी सावली, मग पाणी आणि मग बराच वेळ विसावा दिला जातो, कारण टेम्पोतून उतरलेला बैल लगेच जुंपला तर त्याचे पाय आखडलेले असतात.

या खर्चिक छंदाला पैसा कोठून येतो, याचे उत्तर पाण्यात आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पाने या दोन तालुक्यांच्या पूर्व भागाला बारमाही शेती दिली; नारायणगावचा टोमॅटो, कांदा, ऊस यांतून हाती येणाऱ्या रकमेचा एक वाटा गोठ्याकडे वळला. तरीही एकट्याने चार चांगले बैल, घोडी, गाडा आणि वाहन बाळगणे अनेकांच्या आवाक्याबाहेरचे असते, म्हणून धुरेचा एक बैल एकाचा, जुकाटाचा दुसऱ्याचा, घोडी तिसऱ्या गावातल्या मित्राची अशी ‘जुगलबंदी’ जमवली जाते आणि बक्षीस वाटून घेतले जाते. एका गाड्यावर दोन-तीन गावांची नावे पुकारली जातात ती यामुळे. पैरा करून, म्हणजे एकमेकांचे बैल व मनुष्यबळ आळीपाळीने वापरून, शेती करण्याची जी जुनी रीत होती तिचेच हे शर्यतीतले रूप आहे. ट्रॅक्टरने शेतातला पैरा संपवला, घाटाने तो राखला.

हा प्रवास टिकवून धरणारी सर्वांत मोठी गोष्ट मात्र पैशापेक्षा निराळी आहे. परदेशी गोल्फ-प्रवासात आतिथ्य विकत घ्यावे लागते: ग्रीन फी म्हणजे मैदानाचे भाडे, कॅडी म्हणजे काठ्या वाहणाऱ्या व सल्ला देणाऱ्या मदतनिसाची मजुरी, हॉटेल, गाडी. जुन्या क्लबांनी परस्पर संलग्नतेची पद्धत काढली, जिच्यामुळे एका क्लबाच्या सभासदाला दुसऱ्या शहरातल्या क्लबात पाहुणा म्हणून खेळता येते. घाटांच्या चक्रात ही परस्परता नियमपुस्तकाशिवाय चालते आणि तिची व्याप्ती फार मोठी आहे. ज्या गावाची यात्रा असेल ते गाव त्या दिवशी यजमान असते आणि उरलेला सगळा हंगाम तेच गाव पाहुणे म्हणून हिंडत असते. आज ज्याच्या पडवीत बैल बांधले त्याचे बैल पुढच्या पंधरवड्यात आपल्या पडवीत बांधले जाणार, हे दोघांनाही ठाऊक असते. मुंबईत माथाडी काम, भाजीपाल्याचा व्यापार किंवा नोकरी करणारी या तालुक्यांतली हजारो माणसे यात्रेला गावी येतात आणि गावोगावच्या मुंबईकर मंडळींचा वर्गणीत मोठा हात असतो. त्यांची सुट्टीही त्याच तिथीवर बेतलेली असते. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, आणि लग्ने जुळवण्याची बोलणीही कित्येकदा घाटाच्या कडेलाच सुरू होतात. म्हणून घाटावर जाणे चुकवणाऱ्या मालकाचे नुसते बक्षीस बुडत नाही, तर त्याच्याकडे एक येणे थकते आणि ते पुढच्या वर्षी फेडावे लागते.

न्यायाची चाड दोन्हीकडे सारखीच आढळते. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ‘ओल्ड कोर्स’ या प्राचीन मैदानावर खेळण्याची संधी मिळण्यासाठी दोन दिवस आधी सोडत काढली जाते, आणि कितीही दूरवरून आलेल्या माणसाला चिठ्ठी निघण्याची वाट पाहावी लागते. रविवारी ते मैदान खेळासाठी सहसा बंद असते आणि गावकरी तेथे फिरायला येतात. घाटातही बाऱ्यांचा क्रम टोकनांच्या सोडतीने ठरवतात, कारण सकाळच्या थंड वेळेची बारी आणि भर दुपारच्या उन्हातली बारी यांत बैलाच्या दमाला फरक पडतो आणि तो फरक कोणाच्या वशिल्याने ठरू नये. गावजत्रेने आपल्या अनुभवातून शोधलेला हा तोडगा कोणत्याही खेळसंस्थेला शोभावा असा आहे.

ज्या जीवनपद्धतीचा कणा प्रवास असतो, तो प्रवासच थांबला तर काय होते, हे या तालुक्यांनी जवळजवळ एक दशक अनुभवले. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्रदर्शनास व प्रशिक्षणास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला, आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लिकट्टू या बैलांच्या खेळासह बैलगाड्यांच्या शर्यतींवर बंदी आणली. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, तरी उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे घाट बंदच राहिले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. या मधल्या काळात घाटांवर गवत वाढले, यात्रा देवदर्शन आणि जेवणापुरत्या उरल्या आणि अनेकांनी बैल विकले. काहींनी मात्र कोणतीही शर्यत समोर नसताना वर्षानुवर्षे खुराक चालू ठेवला. त्यांतले कितीतरी बैल एकदाही घाट न पाहता म्हातारे झाले. या मालकांचा विचार केल्याशिवाय या छंदाची खोली कळत नाही.

बंदीमागची कारणेही तितक्याच गांभीर्याने मान्य करायला हवीत. बैलाला टोचणे, शेपटी पिरगाळणे, चाबकाने फोडणे, विजेचा झटका देणे असे प्रकार घडत होते आणि प्राणिमित्र संस्थांनी ते न्यायालयासमोर मांडले. आताच्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, धाव १,००० मीटरपेक्षा अधिक असू शकत नाही, बैलाची पशुवैद्यकाकडून तपासणी व्हावी लागते, काठी, चाबूक किंवा टोचणी वापरता येत नाही आणि बैलाला इजा केल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. हे नियम सरकारी जाच म्हणून नव्हे, तर गोठ्यात जी माया दाखवली जाते तीच घाटात राखण्याची अट म्हणून पाहिले जावेत. बैलाच्या दशक्रियेला गाव जेवू घालणाऱ्या आणि जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी पूजणाऱ्या मुलखाला हे कोणी बाहेरून येऊन शिकवावे लागू नये.

अधिक काळजीची बाब दुसरीच आहे. बंदी उठल्यानंतर शहरांच्या कडेला यात्रेशी संबंध नसलेल्या मोठ्या शर्यती भरू लागल्या आणि बक्षिसांत दुचाकी, ट्रॅक्टर, बोलेरो, अगदी जेसीबी यंत्रसुद्धा दिले जाऊ लागले. बक्षीस वाढले की बैलांच्या किमती चढतात, किमती चढल्या की एका बैलाचा मालक असलेला लहान शेतकरी जुगलबंदीतून बाहेर पडतो, आणि तिथीऐवजी आयोजकाच्या सोयीचा दिवस आला की यजमान आणि पाहुणा यांची अदलाबदलही थांबते. ज्या शर्यतीला गाव नाही, तिचे आतिथ्य फेडायचे कोणाला, हा प्रश्न उरतो.

या सगळ्या हिंडण्याचा भार घरी राहणाऱ्यांवर पडतो हेही नोंदवले पाहिजे. पुरुष घाटावर असतात तेव्हा उरलेल्या जनावरांचे शेण, पाणी, धार आणि वैरण घरातल्या बाया करतात. कणकेचे गोळे त्यांच्याच हातचे असतात आणि बैल आजारी पडल्याचे बऱ्याचदा त्यांच्याच आधी लक्षात येते. घाट मात्र दीर्घकाळ पुरुषांचा राहिला. गोल्फचा इतिहासही फार वेगळा नाही, कारण १७५४ साली स्थापन झालेल्या सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबाने स्त्रियांना सभासदत्व देण्याचा निर्णय २०१४ मध्ये घेतला. अलीकडच्या हंगामांत उत्तर पुण्याच्या घाटांवर घोडीवर स्वार होणाऱ्या आणि बैल जुंपणाऱ्या मुली दिसू लागल्या आहेत, आणि त्यांच्या बारीला लोक उंचवट्यांवर उभे राहून दाद देतात.

मृगाचा पाऊस पडला की घाट ओला होतो आणि चक्र थांबते. गाडा छपराखाली उभा केला जातो, चाकांची धाव आणि जू तपासून तेल दिले जाते, बैल हिरव्या चाऱ्यावर येतात आणि त्यांचा खुराक हळूहळू कमी केला जातो, कारण एकदम तोडलेला खुराक अंगावर येतो. श्रावणी सोमवारी माणसे ओतूरच्या कपर्दिकेश्वराला तांदळाच्या पिंडी आणि कुस्त्यांचा आखाडा पाहायला जातात आणि तेथे भेटलेल्या ओळखीच्या मालकाशी कोणाचे खोंड दुसे झाले, कोणाची घोडी गाभण आहे, जुकाटाला यंदा कोणाचा बैल मागायचा, अशी बोलणी होतात. या भागातल्या अनेक गावांत भाद्रपद अमावास्येला भादवी पोळा असतो. त्या दिवशी घरातली बाई बैलाच्या पायांवर पाणी घालते, कपाळाला कुंकू लावते आणि पुरणपोळीचा घास भरवते, आणि ओसरीवर बसलेला मालक नव्या खोंडाला पौष पौर्णिमेपर्यंत किती फेऱ्या चालवायच्या याचा हिशेब बोटांच्या पेरांवर मांडत असतो.